बिनओझ्याचा पूल

मामा : ज्यावरून गाडी जात नाही, माल जात नाही, त्याला पूल काहून म्हणायचं, ते आधी मला सांग. भिलाईच्या रेल मिलमध्ये माझी उमर गेली. तिथून निघणारा प्रत्येक रूळ कशाचं ना कशाचं ओझं उचलायलाच निघायचा. ज्याला ते पेलणार नाही तो तपासणीत बाद व्हायचा आणि भंगारात जायचा. पुण्यातल्या बंडगार्डनचा तुझा फिट्झजेराल्ड पूल मी पाहिला. घडीव दगड, एकसारख्या कमानी, टोकांना चेंडूवर पंजा ठेवून उभे सिंह. कामात खोट काढायला जागा नाही. पण शेजारी नवा पूल झाला, रहदारी तिकडे वळली आणि महापालिकेनं याला 'आर्ट प्लाझा' करून टाकलं. आता लोक तिथं हवा खायला येतात. रिटायर झालेल्या माणसानं बागेत बसावं, माझी हरकत नाही. मीही भिलाईच्या मैत्रीबागेत जाऊन बसतो. पण पुलानं?

भाची : पुलावरून आधी माणूसच गेला, मामा, मोटार फार मागाहून आली. हा पूल 1869 सालचा. रॉयल इंजिनिअर्सच्या कॅप्टन रॉबर्ट सेलननं त्याचा आराखडा केला आणि मुंबईच्या गव्हर्नरचं नाव त्याला मिळालं. तेव्हा त्यावरून बैलगाड्या, टांगे, पलटणी आणि पायी चालणारे जात. मोटारींची सद्दी पुढच्या शतकातली. ती संपून पूल पुन्हा पायांना मिळाला, तर त्यात त्याची पायउतार कसली? आणि तुम्ही 'हवा खायला' म्हणता तेव्हा जरा हेटाळणीनं म्हणता. नव्या पुलावरून मी स्कूटरनं जाते, तेव्हा मला पुढच्या टेम्पोचा मागचा फाळका दिसतो. नदी ओलांडली हे कळतं ते वाऱ्यानं, आणि हल्ली वासानं. जुन्या पुलावर मी मध्यावर थांबते. पुलालगतच सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून बांधलेला बंधारा आहे. ज्यावरून त्या बागेला बंडगार्डन म्हणतात तो हाच. पावसाळ्यात त्यावरून पाणी कोसळतं, फेस दूरवर जातो. उन्हाळ्यात खालचा खडक उघडा पडतो. मुळा आणि मुठा वर संगमावर एक होऊन इथवर येतात, हे मी शाळेत पाठ केलं होतं. पण नदीला चढ-उतार असतो, तिला रंग असतो, ती कधी कधी रागावते, हे मला त्या कठड्याला टेकल्यावर कळलं. या शहरानं नदीकाठानं रस्ते केले, पात्रात रस्ते केले, घरांच्या पाठी तिच्याकडे केल्या. माणसाला नदीच्या मधोमध फुकट उभं राहता येईल अशा जागा किती उरल्या?

मामा : उभं राहायला जागा हवी, कबूल. पण ती जलपर्णी बघायला? मी गेलो तेव्हा एका अंगाला पाणी दिसतच नव्हतं, हिरवा गालिचा नुसता. लोक नाकाला रुमाल लावून फोटो काढत होते. ज्या नदीत मैलापाणी जातं तिच्यावरच्या पुलाला दिवे लावायचे, हा उलटा क्रम झाला. आधी नदी धुवा, मग खुशाल बाकडी टाका.

भाची : मला तर वाटतं क्रम हाच बरा. जी नदी दिसत नाही तिच्यासाठी कोण भांडणार? मुळा-मुठेच्या काठाचं चव्वेचाळीस किलोमीटरचं सुशोभीकरण सुरू झालं, बंडगार्डनच्या भागात झाडांवर खुणा पडल्या, तेव्हा पुणेकर रस्त्यावर उतरले ते काय नकाशा बघून? तिथं रोज चालणारी माणसं होती, त्यांना कुठलं झाड कुठं आहे ते ठाऊक होतं. चालणारा माणूस हा फुकटचा पहारेकरी असतो. सांगलीचं बघा. पुरात तिथं लोक 'नदी किती वाढली' असं विचारत नाहीत, 'आयर्विनला किती?' असं विचारतात. 1929 साली व्हाइसरॉय आयर्विनच्या हस्ते खुला झालेला तो पूल. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. कृष्णेचा स्वभाव अख्ख्या जिल्ह्याला त्या पुलावरून कळतो. असा पूल पाडला तर शहराची मोजपट्टीच गेली म्हणायची.

मामा : आयर्विनची पट्टी वाचायला त्यावर फेऱ्या मारायची गरज नाही. एक माणूस आणि एक टेलिफोन पुरतो. शिवाय तो पूल लोकांच्या कामाचा आहे म्हणून त्याचा मान. तू कामाच्या पुलाचा दाखला बिनकामाच्या पुलाला चिकटवते आहेस. माझा मुद्दा दुसराच आहे, नीट ऐक. पुलावर ओझं असतं तोवर त्याच्याकडे कोणीतरी बघतं. रेल्वेच्या पुलाला पाहणीचं वेळापत्रक असतं, नोंदवही असते, गाडीला वेग किती द्यायचा हे त्या वहीवरून ठरतं. पुलानं कुरकुर केली तर गाडी थांबते, गाडी थांबली तर वरून फोन येतो. त्या फोनच्या धाकानं पूल जगतो. तुम्ही ओझं काढून घेतलं की धाक गेला. मग त्याच्याकडे बघायला येतो तो रंगारी, दिवेवाला आणि उद्घाटनाच्या फीतवाला. मोरबी आठव. मच्छू नदीवरचा झुलता पूल, एकोणिसाव्या शतकातला, संस्थानच्या काळचा, केवळ मौजेसाठी जपलेला. म्हणजे तू म्हणतेस तसाच. कित्येक महिने बंद ठेवून दुरुस्त केला, दिवाळीच्या सुटीत उघडला, आणि चार दिवसांनी, 30 ऑक्टोबर 2022 च्या संध्याकाळी एकशे पस्तीस माणसं गेली. मग चौकशी झाली. मुख्य तारेत एकोणपन्नास पेड होते, त्यातले बावीस आधीच गंजलेले. ती तार कोणी बदलली नव्हती. बदलल्या होत्या त्या पायाखालच्या फळ्या. लाकडाच्या जागी धातूच्या बसवल्या, आणि त्यांनी वजन वाढवलं. जिथं लोकांची नजर जाते तिथं पैसा गेला. जिथं जीव टांगलेला होता तिथं नाही. मी पोलादातला माणूस आहे, मला ती बावीस पेडांची गोष्ट झोपू देत नाही.

भाची : मोरबीचं मी नाकारत नाही. पण तुम्ही तारेच्या पुलाचा गुन्हा दगडी कमानीच्या माथी मारता आहात. तारेचा पूल ताणावर उभा असतो. एक पेड गेला की बाकीच्यांवर भार, आणि गंज आत लपतो. कमानीत ताण नाहीच, दगड दगडाला दाबतो. तिच्यात गंजायला लोखंड नाही आणि तिचं स्वतःचं वजन इतकं असतं की वरून शे-दोनशे माणसं गेली काय आणि न गेली काय. दीडशे वर्षं ती उभी राहिली ती कोणी नोंदवही ठेवली म्हणून नाही, बांधणाऱ्यानं भूमिती नीट केली म्हणून.

मामा : शे-दोनशे माणसं म्हणतेस ते जपून म्हण. गर्दी हलकी असते हा लोकांचा समज फार घातक. मोटारी अंतर ठेवून चालतात, माणसं दाटली की अंतर उरत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत पादचारी मार्गाला दर चौरस मीटरला चारशे किलो धरतात, आणि शहराजवळ किंवा जत्रेच्या जागी पाचशे. चार मीटर रुंद नि शंभर मीटर लांब पूल घे. खचाखच भरला तर हिशेबात दोनशे टन. त्यात माणूस हे जिवंत वजन, ते हलतं. लंडनचा मिलेनियम पूल जून 2000 मध्ये उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. नवाकोरा, मोठमोठ्या अभियंत्यांचा, आणि तोही खास चालणाऱ्यांसाठीच बांधलेला! पावलांनी तो आडवा डुलायला लागला. डुलला की माणसं तोल सावरायला नकळत एकाच ठेक्यात पाय टाकतात, त्यानं तो आणखी डुलतो. परत उघडायला 2002 उजाडलं. तेव्हा मौजेचं वजन ओझ्याच्या वजनापेक्षा कमी असं समजू नकोस. ट्रक पुलावर थांबून खाली वाकून बघत नाही. एका बाजूला काही दिसलं की माणसं सगळी त्या कठड्याला जमतात.

आता तुझ्या कमानीकडे येतो. तू म्हणतेस ते अर्धं खरं. कमानीला वरची गर्दी मारत नाही, तिला खालचं पाणी मारतं. पुराचं पाणी खांबाच्या पायाशी भोवरा करून माती उकरतं. वरून पूल होता तसाच दिसतो, सिंह होते तसेच, आणि खाली पाया अधांतरी. महाडला सावित्रीवर काय झालं? इंग्रजांच्या वेळचा दगडी पूल, शेजारी नवा पूल असूनही एका दिशेच्या रहदारीला ठेवलेला. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी घेऊन. मग तिथं 165 दिवसांत नवा पूल उभा केला. म्हणजे बांधायला आपल्याकडे वेळही आहे, पैसाही आहे, माणसंही आहेत. पाण्याखाली जाऊन पाया बघायला कोणी नाही. आणि दगडाच्या सांधीत पिंपळाचं रोप उगवलं की लोक त्याला हात जोडतात, उपटत नाहीत.

(या दोघांच्या मधे मी बोलू नये हे बरं. पण मामांच्या मोरबीला भाचीनं दिलेलं उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असून अपुरं आहे असं मला वाटतं. तार असो की कमान, मामांचा रोख वस्तूवर नाहीच. फळ्या बदलणाऱ्या आणि तार न बदलणाऱ्या कारभारावर आहे. भाचीलाही ते कळलं असावं, कारण पुढे तिनं बाजू बदलली नाही तरी जागा बदलली.)

भाची : ठीक. पुलाची हाडं कोणी बघत नाही, हे मान्य. पण मग तुमचा इलाज काय? पाडा? पाडण्याचीही एक किंमत असते आणि ती नेहमी पायी चालणारेच देतात. मुंबईत सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल घ्या. 1879 चा, जानेवारी 2016 मध्ये पाडला. वाहनांना वळसा घालून जाता येत होतं. शाळेची मुलं, म्हातारी माणसं, डोक्यावर बोजा असलेले हमाल, हे सगळे रेल्वेचे रूळ ओलांडू लागले. लोकांना उच्च न्यायालयात जावं लागलं. नवा पूल वाहता व्हायला सहा-साडेसहा वर्षं गेली. ज्यांनी पाडायची सही केली त्यांच्या डोळ्यांपुढे पूल म्हणजे मोटारींची वाट होती, पायी जाणारा त्यांच्या हिशेबातच नव्हता. म्हणून मला जुना पूल चालणाऱ्यांसाठी राखला की बरं वाटतं, निदान एका ठिकाणी तरी चालणारा हिशेबात धरला. तुम्ही त्याला मौज म्हणता. सकाळी लवकर गेलात तर दिसेल, येरवड्याहून कोरेगाव पार्कात घरकामाला जाणाऱ्या बायका त्याच पुलावरून झपाझप जातात. त्यांच्या बाजूनं ट्रॅकसूट घातलेले लोक रमतगमत जातात. पूल एकच. एकीची ती ड्यूटी आहे, दुसऱ्याचा व्यायाम.

मामा : हे तू आधी सांगायला हवं होतंस. माझं निम्मं भांडण तिथंच मिटलं असतं. पण निम्मंच. कारण जपण्याचा खर्च कोणाच्या नावानं होतो? घरकामाच्या बाईच्या नावानं की सिंहांच्या? 'हेरिटेज' म्हटलं की मला आधी हे विचारावंसं वाटतं की कोणाची. मी कॅम्प-1 मध्ये वाढलो. कारखाना उभा करायला जे मजूर आले त्यांच्यासाठी उठलेली ती वस्ती. गोंदिया-भंडाऱ्याकडून आलेले आपले लोक, तेलुगू, उडिया, पंजाबी, छत्तीसगडी. 1955 च्या फेब्रुवारीत रशियाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राजेंद्रप्रसादांनी पहिली फर्नेस सुरू केली. कॅम्प त्याच्याही आधीचा, कारण बांधणारा आधी येतो. त्याला कोणी 'हेरिटेज' म्हणत नाही. सेक्टरमधल्या क्वार्टरांसमोर झाडं लागली, कॅम्पमध्ये नाल्या उघड्या राहिल्या. आणि आमच्या पॉवर हाउस स्टेशनचं सांगू? 1 जुलै 1992. कामगारनेते शंकर गुहा नियोगींचा आदल्या सप्टेंबरात खून झालेला. त्यांचे कामगार रूळांवर बसले आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्या रूळांवरून आजही हावडा-मुंबईच्या गाड्या धडाडत जातात. दर 1 जुलैला माणसं तिथं जमतात, हार घालतात, घोषणा देतात आणि घरी जातात. तिथं ना दिवे, ना बाकडी, ना सकाळचे फिरणारे. तरी कॅम्पातलं पोरगंसुद्धा ती जागा ओळखतं. मग सांग, जपलेलं काय आणि न जपलेलं काय?

भाची : पॉवर हाउसची आठवण टिकली कारण ती सांगणारी संघटना टिकली. उद्या ती विखुरली तर? तेव्हा तुम्हालाच वाटेल की तिथं निदान एक दगड हवा होता, ज्याला अडखळून कोणी विचारेल, हे काय आहे म्हणून. दगडाचा उपयोग तेवढाच असतो, तो सांगत काही नाही, पण अडवतो. आता मी तुम्हाला तुमच्याच धंद्यातलं विचारते. जर्मनीत ड्यूसबुर्गला मायडरिशचा पोलाद कारखाना होता. 1985 मध्ये बंद पडला. त्यांनी तो पाडला नाही, नव्वदच्या दशकात त्याचं उद्यान केलं. लोक पाच नंबरच्या फर्नेसवर जिने चढून जातात, ज्या पुलांवरून, मचाणांवरून एकेकाळी कामगार जायचे त्यांवरून फिरतात. भिलाईला आता आठ नंबरची 'महामाया' आहे. पहिल्या छोट्या फर्नेसांचं आयुष्य कधीतरी संपेलच. तिथं अशी चालण्याची वाट केली तर तुम्ही याल?

मामा : ... नाही. बहुतेक नाही. थांब, का ते सांगू दे. फर्नेस म्हणजे काय हे तिथं उभं राहिलेल्यालाच कळतं. टॅपिंगच्या वेळी चेहऱ्याची कातडी ओढली जाते, जोड्याचा तळवा तापतो, कानात एकच गरगर, आणि इतका उजेड की काळ्या काचेशिवाय बघवत नाही. ती थंड पडली, तिच्यावर रेलिंग लावलं आणि तिकीट काढून कोणी आइस्क्रीम खात वर गेलं, तर त्यानं काय पाहिलं? सांगाडा पाहिला. त्याला वाटणार, किती सुंदर गंज चढलाय! मला त्या 'सुंदर' शब्दाचा राग येईल. तुझ्या पुलावरही मला तेच होतं. ज्यांनी तो दगड घडवला, पाण्यात उतरून पाया घातला, त्यांचं एकही नाव तिथं नाही, कॅप्टनचं आणि गव्हर्नरचं तेवढं आहे. पण... तू विचारलंस तर खरं सांगतो, माझ्या नातवाला घेऊन गेलो असतो. त्याला दाखवायला मला दुसरं काही नाही. मी रूळ केले, ते देशभर पांगले, एकावरही माझी खूण नाही.

भाची : मग तुम्ही सोबत असलात तर तो सांगाडा उरत नाही. प्रश्न तुमच्यानंतरचा आहे.

मामा : तो तुझा प्रश्न. माझा अजून हिशेबाचाच आहे आणि तो मी सोडणार नाही. कोल्हापूरला काय झालं ते तुला माहीत असेल. पंचगंगेवरचा शिवाजी पूल जुना झाला, शेजारी पर्यायी पूल घेतला, आणि तो वर्षानुवर्षं अर्धवट. कारण लगतची ब्रह्मपुरी टेकडी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली, तिच्याजवळ बांधकामाला मनाई. तोवर सगळी रहदारी जुन्याच पुलावर. 26 जानेवारी 2018 ला रात्री एक मिनीबस कठडा तोडून नदीत गेली, तेरा माणसं मेली. जुनं जपायचा कायदा एका जागी, जुन्यावर मरणारी माणसं शंभर पावलांवर. मी संरक्षणाच्या विरोधात नाही. पण ज्या कायद्याला टेकडी दिसते आणि तिच्या पायथ्याचा पूल दिसत नाही, त्याच्या हाती मी माझा नातू देणार नाही.

भाची : त्यातून मी उलटा धडा घेते. पर्यायी पूल वेळेत झाला असता तर जुन्याचं ओझं उतरलं असतं आणि तो कठडा फक्त टेकायला राहिला असता. जुन्या पुलाला निवृत्त करणं हाच त्याला आणि माणसांना वाचवायचा मार्ग. अहमदाबादनं एलिस पुलाचं तेच केलं. 1892 चा, बर्मिंगहॅमहून आणलेल्या पोलादाचा. भिलाई तेव्हा कुठं होती! त्याच जागी आधी लाकडी पूल होता, तो 1875 च्या साबरमतीच्या पुरात गेला होता. नव्वदच्या दशकात वाहनं बंद केली आणि त्याच्या दोन्ही अंगांना काँक्रीटचे नवे पूल घातले. जुना मधे. पाडला नाही, वापरलाही नाही.

मामा : आणि मधल्यामधे वीस-पंचवीस वर्षं तो गंजत उभा राहिला, मग दुरुस्तीचा निधी मंजूर झाला! राजमहेंद्रीचा हॅवलॉक पूल घे, गोदावरीवरचा. 1900 साली त्यावरून मद्रास-कलकत्ता गाड्या सुरू झाल्या, 1997 मध्ये बंद झाल्या. तेव्हापासून तिथं फिरण्याची वाट करायच्या घोषणा ऐकतोय. मध्यंतरी गंज थांबलेला नाही, गंजाला घोषणा वाचता येत नाहीत. हीच ती निवृत्ती. ना काम, ना पेन्शन. तुझ्या जपणाऱ्यांपैकी एकानं तरी कधी विचारलं का, की निवृत्त पुलाचं पेन्शन कोणत्या खात्यातून निघणार?

भाची : एका ठिकाणी विचारलंय. न्यूयॉर्क राज्यात हडसनवर पकीप्सीचा रेल्वे पूल आहे, 1889 चा. 1974 मध्ये आग लागली, गाड्या थांबल्या. नंतर कितीतरी वर्षं तो कोणालाच नको होता. गावच्या लोकांनी संस्था काढून मागे लागून 2009 मध्ये तो चालण्यासाठी खुला करून घेतला. दोन किलोमीटरच्या वर लांबी, नदीपासून साठेक मीटर उंच. पण मला त्यातलं आवडतं ते दृश्य नाही. वरची बाग उद्यान खात्याकडे आहे आणि खालचा सांगाडा राज्याच्या पूल प्राधिकरणाकडे. म्हणजे जे प्राधिकरण त्याच नदीवरचे टोलचे चालू पूल सांभाळतं, त्याच्याकडेच. चालू पुलांची हाडं बघणारी माणसंच याचीही बघतात. ओझं गेलं तरी नोंदवही गेली नाही. तुमचा फोन येणारा साहेब तिथं शिल्लक आहे.

मामा : हे मला आवडलं. बाग वेगळी, हाडं वेगळी. आपल्याकडे दोन्ही एकाच निविदेत बसवतात आणि निविदेत आधी दिवे लिहितात. तर मग माझी अट ऐक. फिट्झजेराल्ड पुलाच्या सिंहापाशी एक पाटी लावा. बांधणाऱ्या साहेबाची आहे तशी राहू दे, तिच्या शेजारी दुसरी. पाण्याखालचा पाया शेवटचा कधी पाहिला, कोणी पाहिला, पुढची तारीख कोणती. आणि एका वेळी किती माणसं. एवढं असलं तर मी रोज तिथं फिरेन, तुझ्या ट्रॅकसूटवाल्यांच्या पुढे.

भाची : पहिल्या तीन गोष्टी मला मान्य. चौथीला मी अडते. 'एका वेळी किती' हे पाटीवर लिहून होत नाही. कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी साकव धोकादायक असल्याचा फलक होता. 15 जून 2025 च्या रविवारी पर्यटकांची गर्दी झाली, साकव कोसळला, चार माणसं गेली. म्हणजे मोजायचं तर फाटक हवं, माणूस हवा, उघडायची-मिटायची वेळ हवी. आणि फाटक आलं की मागोमाग तिकीट येतं. मोरबीला तिकीट होतंच की! तिकिटानं गर्दी मोजली नाही, विकली. शिवाय फाटक आठ वाजता उघडणार असेल तर सहा वाजता कामाला जाणारी येरवड्याची बाई कुठून जाणार? ती नव्या पुलाच्या कडेनं, ट्रकच्या आरशाला खांदा चुकवत. तुम्ही तिच्यासाठीच निम्मं भांडण सोडलं होतंत.

मामा : मग फाटक ठेवू नका, माणूस ठेवा. फक्त रविवारी, सणाला, पूर बघायला लोक लोटतात तेव्हा.

भाची : त्याचा पगार बागेच्या खात्यातून की हाडांच्या?

मामा : हाडांच्या. बागेच्या खात्यातला माणूस गर्दी झाली की खूश होतो.

भाची : आणि हाडांच्या खात्यातला गर्दी बघून पहिल्याच पावसाळ्यात लिहून देईल, की पूल बंद करणं इष्ट. त्याला दोष कोण देणार? बंद पुलावर कोणी मरत नाही, त्याची नोकरी सुरक्षित. तुमची नोंदवही चालू पुलाला उघडं ठेवते, कारण गाडी थांबली तर बोंब होते. चालणाऱ्यांचा पूल थांबला तर कोण बोंब मारणार? त्या बायका? त्यांना साहेबाचा नंबर माहीत नाही.

मामा : ट्रॅकसूटवाल्यांना असतो.

भाची : असतो. पण त्यांना आठ वाजताचं फाटक चालतं.